स्कीमॅटिक बदललं की बोर्ड विस्कटतो: दुवा कुठे तुटतो आणि यंत्रावर काय सोपवावं

स्कीमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, एखादा कपॅसिटर वाढवला, किंवा पॉवर सप्लायचा भाग उचलून वेगळ्या शीटवर नेला. मग बोर्ड एडिटरमध्ये, म्हणजे छापील सर्किट बोर्ड (पीसीबी) मांडायच्या खिडकीत, येऊन एफ८ दाबलं, म्हणजेच 'अपडेट पीसीबी फ्रॉम स्कीमॅटिक' चालवलं. आणि नीट मांडून, ट्रॅक ओढून पूर्ण केलेले भाग जागेवरून गेले, त्याच नावांचे नवे भाग कर्सरला लटकून आले. दुसरा प्रकार याहून वाईट असतो. सगळे भाग जागेवरच दिसतात, पण आर४ च्या जागी आर७ ची किंमत येऊन बसलेली असते आणि रॅट्सनेस्टच्या (अजून न ओढलेल्या जोडण्या दाखवणाऱ्या) रेषा बोर्डभर आडव्यातिडव्या पसरलेल्या असतात. हाताने दुरुस्ती करून बोर्ड पाठवला जातो आणि पुढच्या रिव्हिजनला पुन्हा तेच होतं.

खाली मुख्यतः किकॅड या सर्किट आणि बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिलं आहे. त्याच्या फाईली साध्या मजकुराच्या असतात, त्यामुळे आत काय चाललंय ते उघडून बघता येतं. पण रोगाचं मूळ अल्टियम, ऑरकॅड, ईगल आणि जीईडीए या सगळ्यांत एकच आहे, म्हणून जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे त्यांचाही उल्लेख करतो.

माझं मत आधीच सांगतो, कारण पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. स्कीमॅटिकमधला बदल बोर्डवर ढकलण्याचं काम माणसाने डोळे उघडे ठेवून करावं. तो नीट पोचला की नाही हे तपासायचं काम मात्र शंभर टक्के यंत्राकडे द्यावं. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं: ढकलणं एका कळीवर आलेलं असतं आणि तपासणी कुणाच्या तरी नजरेवर सोडलेली असते.

दुवा म्हणजे फाईलमध्ये काय असतं

स्कीमॅटिकमधल्या सिम्बॉलला (भागाच्या चिन्हाला) आपण यू३ म्हणतो आणि बोर्डवरच्या फूटप्रिंटलाही (त्याच भागाच्या पॅडच्या आखणीलाही) यू३ म्हणतो, म्हणून दोघांना जोडणारी गोष्ट हे नावच असणार असं वाटतं. किकॅडमध्ये मूळ दुवा नावाचा नसतो. प्रत्येक सिम्बॉलला एक यूयूआयडी असतो: ३२ षोडशमान अंकांचा, मध्ये चार आडव्या रेघा असलेला ओळखक्रमांक. बोर्डच्या फाईलमध्ये प्रत्येक फूटप्रिंटखाली 'पाथ' नावाची एक ओळ असते आणि तिच्यात हाच क्रमांक लिहिलेला असतो. स्कीमॅटिक एकाच पानाचं असेल तर या पाथमध्ये फक्त सिम्बॉलचा क्रमांक असतो. उपशीटं असतील तर आधी शीटचा क्रमांक, मग तिरकी रेघ, मग सिम्बॉलचा. शीटच्या आत शीट असेल तर साखळी तितकी लांबते.

टेक्स्ट एडिटरमध्ये बोर्डची फाईल उघडून एकदा हे स्वतः पाहाच. यू३ शोधा, त्याची पाथची ओळ कॉपी करा, तिच्यातला शेवटचा क्रमांक स्कीमॅटिकच्या फाईलमध्ये शोधा. सापडला आणि तो यू३ चाच असला तर दुवा शाबूत आहे. सापडलाच नाही, तर नावं कितीही जुळोत, किकॅडच्या लेखी ते दोन वेगळे भाग आहेत.

आवृत्ती ५ पर्यंत हा क्रमांक आठ षोडशमान अंकांचा टाइमस्टॅम्प होता, आवृत्ती ६ पासून पूर्ण यूयूआयडी आला. जुन्या प्रकल्पांत पुढे नुसती शून्यं आणि शेवटी आठ अंक असे क्रमांक दिसतात. ते बिघडलेले नाहीत, जुन्या टाइमस्टॅम्पचंच ते नवं रूप आहे. त्यांना हात लावू नका.

अल्टियममध्येही हीच कल्पना 'युनिक आयडी' या नावाने आहे आणि 'कॉम्पोनंट लिंक्स' या खिडकीत ती हाताने जुळवता येते. ईगलची पद्धत वेगळी: स्कीमॅटिक आणि बोर्ड या दोन्ही खिडक्या उघड्या असतील तर एकातला बदल लगेच दुसऱ्यात जातो. एक खिडकी बंद ठेवून दुसरीत काम केलं की सुसंगती तुटते आणि मग फरक एकेक करून मिटवावे लागतात. जीईडीएच्या जीएससीएच२पीसीबीमध्ये मात्र खरोखरच नाव हाच दुवा आहे. तिथे लेआउट झाल्यावर भागांना नव्याने क्रमांक देणं म्हणजे थेट संकट, कारण आर४ हे नाव ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे जुन्या आर४ ची जागा जाते.

बदलांची यादी: निदान इथेच होतं

अपडेटची खिडकी उघडली की होणाऱ्या बदलांची यादी आधी दिसते. ती न वाचता खालचं बटण दाबलं जातं, आणि या समस्येचा निम्मा भाग तिथेच जन्मतो.

यादीत एक गोष्ट शोधायची: एकाच नावाचा भाग 'नवा आणणार' असंही म्हटलंय आणि 'जुना काढणार' असंही. यू३ वाढणार आणि यू३ जाणार असं एकाच यादीत दिसलं तर तुमच्या सर्किटमध्ये नवा भाग आलेलाच नाही, दुवा तुटलाय. काढण्याचा पर्याय बंद असेल तर फक्त 'नवा आणणार' एवढंच दिसेल. अशा वेळी स्वतःला विचारा की मी एक कपॅसिटर वाढवला, मग यादीत नऊ नवे भाग का? आकडा जुळत नसेल तर बटण दाबायचं नाही, खिडकी बंद करायची.

दुसरी खूण म्हणजे नाव बदलल्याच्या ओळी. आर४ चा आर७ झाला, आर७ चा आर९ झाला, अशी रांग लागली असेल तर कुणीतरी नव्याने क्रमांक दिलेत. यूयूआयडीने जोडणी चालू असेल तर हे निरुपद्रवी आहे, कारण भाग जागेवर राहून फक्त नाव बदलतं. नावाने जोडणी चालू असेल तर हीच गोष्ट घातक ठरते.

दुवा तोडणाऱ्या चार सवयी

पहिली सवय कट आणि पेस्टची. एका शीटवरून सर्किटचा तुकडा कापून दुसऱ्या शीटवर चिकटवला की सिम्बॉलना सहसा नवे क्रमांक मिळतात. क्रमांक टिकला तरी शीट बदलल्यामुळे पाथ बदलतोच. म्हणून शीटांची रचना लेआउट सुरू होण्याआधी ठरवा. एकाच पानावरची हलवाहलव मात्र कट-पेस्टने न करता 'मूव्ह'ने करा. एम कळ दाबून भाग कितीही सरकवला तरी त्याची ओळख बदलत नाही.

दुसरी, सिम्बॉल 'बदलण्या'ऐवजी तो पुसून नवा ठेवणं. जुना ऑप-अॅम्प काढून त्याच जागी दुसरा टाकला, नाव हाताने यू२ दिलं. दिसायला सगळं तेच, आत ओळख नवी. यासाठी 'चेंज सिम्बॉल' आहे. त्याने चित्र, पिना, गुणधर्म बदलतात आणि क्रमांक जुनाच राहतो.

तिसरी सवय बोर्डवरून नव्याने क्रमांक देण्याची. असेम्ब्लीच्या सोयीसाठी डावीकडून उजवीकडे, वरून खाली असे क्रमांक लावणं हे चांगलंच काम आहे आणि किकॅडच्या बोर्ड एडिटरमध्ये त्यासाठी भौगोलिक क्रमांकनाचं साधन आहे. पण ते झाल्यावर लगेच उलट दिशेने 'अपडेट स्कीमॅटिक फ्रॉम पीसीबी' करायचं आणि दोन्ही फाईली जतन करायच्या. मध्येच कुणी एफ८ दाबलं तर स्कीमॅटिकमधली जुनी नावं परत येतात आणि सगळी मेहनत पुसली जाते.

चौथी सवय सर्वांत महाग पडते. अपडेटच्या खिडकीत 'फूटप्रिंट नावावरून पुन्हा जोडा' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. दुवा तुटल्यावर जोडायला तो योग्य आहे, पण एकदा टिक केला की पुढच्या वेळीही तो तसाच राहिलेला असू शकतो. त्यात मधल्या काळात स्कीमॅटिकमध्ये क्रमांक बदलले असतील तर एफ८ दाबताच आर७ हे नवं नाव असलेला सिम्बॉल जाऊन जुन्या आर७ च्या फूटप्रिंटला चिकटतो. सुरुवातीला सांगितलेला दुसरा प्रकार, सगळं जागेवर पण जोडण्या भलत्याच, तो इथून येतो. एक खबरदारी पुरते: एफ८ दाबल्यावर नजर आधी या टिकवर जाऊ द्या, मग यादीवर.

तुटलेला दुवा जोडणं

जुना फूटप्रिंट बोर्डवर अजून असेल तर काम सोपं आहे. आधी दोन्हीकडची नावं खरंच जुळतात का ते बघा. स्कीमॅटिकमधून भागांची यादी काढा, बोर्डमधून पोझिशन फाईल (कुठला भाग कुठे बसवायचा त्याची यादी) काढा, दोन्हींतला नाव आणि किंमत एवढाच भाग ठेवून क्रमाने लावा आणि फरक बघा. नाव तेच पण किंमत वेगळी असा एकही भाग निघाला तर थांबा. तिथे क्रमांक सरकलेत, आणि नावावरून जोडणं म्हणजे चूक पक्की करणं होईल. अशा वेळी बोर्डवरची नावं आधी हाताने दुरुस्त करायची. पोझिशन फाईलमधून वगळलेले भाग या तुलनेत दिसणार नाहीत, तेवढे डोळ्यांनी बघा.

यादी स्वच्छ निघाली की नावावरून जोडण्याचा पर्याय टिक करा, फूटप्रिंट काढण्याचा आणि फूटप्रिंट बदलण्याचा असे दोन्ही पर्याय बंद ठेवा, अपडेट चालवा. मग खिडकी पुन्हा उघडा, नावावरची टिक काढा आणि यादी पुन्हा बघा. ती आता रिकामी असायला हवी. रिकामी यादी हाच दुवा जुळल्याचा पुरावा. लगेच जतन करा आणि गिटमध्ये (फाईलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) फक्त या दुरुस्तीचा स्वतंत्र कमिट, म्हणजे नोंद, करा, त्यात दुसरा काही बदल मिसळू नका.

जुना फूटप्रिंट पुसला गेला असेल आणि 'अनडू'ही उरलं नसेल, तर फक्त बोर्डची फाईल गिटमधून मागच्या कमिटवर न्या. स्कीमॅटिक नवंच राहू द्या. मग वरची कृती करा. गिट नसेल तर प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच किकॅडने स्वतः ठेवलेला बॅकअपचा फोल्डर बघा, त्यात झिप केलेल्या जुन्या प्रती असतात.

पाथ हाताने दुरुस्त करण्याचा मार्गही आहे. फाईल मजकुराची असल्यामुळे ते शक्य आहे आणि दोन-तीन भागांसाठी जलदही पडतं. मी तो शेवटचा उपाय मानतो. करायचाच असेल तर किकॅड पूर्ण बंद करून करा, नाहीतर उघड्या खिडकीतली प्रत तुमची दुरुस्ती पुसून टाकेल.

स्क्रूची भोकं आणि लोगो नाहीसे होणं

स्कीमॅटिकमध्ये सिम्बॉल नसलेले फूटप्रिंट काढून टाकण्याचा पर्याय टिक असेल, तर थेट बोर्डवर ठेवलेली माउंटिंग होल, फिड्युशियल (असेम्ब्लीच्या यंत्रासाठीच्या खुणा) आणि लोगो जातात. फूटप्रिंटच्या गुणधर्मांत 'नॉट इन स्कीमॅटिक' अशी खूण आहे, ती लावली की त्यांना धक्का लागत नाही. लोगोला हा उपाय पुरतो. माउंटिंग होलसाठी मात्र मी स्कीमॅटिकमध्येच सिम्बॉल ठेवायला सांगेन आणि भागांच्या यादीतून तो वगळेन. ते भोक ग्राउंडला जोडलेलं आहे की सुटं आहे हा विद्युत निर्णय आहे, त्याची जागा स्कीमॅटिकमध्येच.

भाग जागेवर, पण नेट भलतंच

दुवे शाबूत असूनही नव्याने ओढलेल्या ट्रॅकची रुंदी एकाएकी बदलते किंवा क्लिअरन्सच्या चुका शेकड्याने उगवतात, तेव्हा संशय नेटच्या, म्हणजे विद्युत जोडणीच्या, नावांवर घ्यावा. ज्या जोडणीला तुम्ही लेबल दिलेलं नाही तिला किकॅड स्वतः नाव देतं, आणि ते नाव जोडणीवरच्या एखाद्या भागाच्या नावावरून बनतं. आर१ चा आर५ झाला की नेटचं नाव बदललं. नेट क्लास (ट्रॅकची रुंदी आणि अंतर यांच्या नियमांचा गट) त्या जुन्या नावावर बांधलेला असेल तर तो सुटतो आणि ट्रॅक मूळच्या, सर्वसाधारण क्लासच्या नियमांत जाऊन पडतो. दोन अँपिअर वाहणारी लाइन पातळ ट्रॅकच्या नियमाखाली जाते आणि डीआरसी (बोर्ड नियमांत बसतो का याची तपासणी) काहीच तक्रार करत नाही, कारण नियमच बदललेला असतो.

म्हणून ज्या जोडणीला विशेष नियम आहे तिला लेबल द्यायचंच. पॉवर, क्लॉक, डिफरन्शियल जोड्या, अँटेना, करंट मोजण्याच्या लाइनी. स्थानिक लेबलच्या नावापुढे शीटचं नाव जोडलं जातं हेही लक्षात ठेवा. शीटचं नाव बदललं तर नेटचं पूर्ण नाव बदलतं. नेट क्लास स्कीमॅटिकमध्येच डायरेक्टिव्ह लेबलने लावला तर तो तारेलाच चिकटलेला राहतो आणि नावावर अवलंबून राहत नाही. नव्या प्रकल्पात मी हीच पद्धत सुचवेन.

जुन्या लॉजिक सिम्बॉलांमध्ये आणखी एक जागा आहे: लपवलेल्या पॉवर पिना. सिम्बॉलमध्ये व्हीसीसी नावाची अदृश्य पिन असते आणि ती आपोआप व्हीसीसी नावाच्या नेटला जोडली जाते. तुमच्या सर्किटमध्ये सप्लायचं नाव '+५व्ही' असेल तर चिपचा पॉवर पॅड एका वेगळ्याच नेटवर एकटा बसतो. तसंच एलएम३५८ सारख्या एकाहून अधिक युनिटांच्या भागात दोन्ही ऑप-अॅम्प ठेवले जातात आणि पॉवरचं तिसरं युनिट ठेवायचं राहून जातं. ईआरसी (स्कीमॅटिकमधल्या जोडण्यांची तपासणी) त्याबद्दल सांगतं, पण इशाऱ्यांच्या गर्दीत ती ओळ हरवते.

पिन क्रमांक: जिथे दोन्ही बाजू चुकीवर एकमत असतात

सिम्बॉलच्या पिनेचा क्रमांक आणि फूटप्रिंटच्या पॅडचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला की जोडणी होते. सिम्बॉलमध्ये ई, बी, सी आणि फूटप्रिंटमध्ये १, २, ३ असेल तर पॅड जोडलेच जात नाहीत. ही चूक उघड दिसते, त्यामुळे बरी. खरा धोका क्रमांक जुळतात पण अर्थ जुळत नाही तेव्हा असतो. टीओ-९२ मधल्या २एन३९०४ ला १ एमिटर, २ बेस, ३ कलेक्टर असतो. बीसी५४७ ला त्याच पॅकेजमध्ये १ कलेक्टर, २ बेस, ३ एमिटर. आणि एसओटी-२३ मधल्या एमएमबीटी३९०४ ला १ बेस, २ एमिटर, ३ कलेक्टर. किकॅडच्या लायब्ररीत डायोडचा कॅथोड १ असतो, बाहेरून उतरवलेल्या फूटप्रिंटमध्ये अॅनोड १ असू शकतो.

इथे स्कीमॅटिक आणि बोर्ड यांची तुलना करणारी कुठलीही तपासणी हिरवाच निकाल देईल, कारण दोघेही एकच चुकीची गोष्ट सांगतायत. यावर यंत्राचा उपाय नाही. प्रत्येक सेमीकंडक्टरसाठी डेटाशीटमधलं पॅकेजचं चित्र आणि बोर्डवरचा पॅड यांची एकदा जुळणी करायची, आणि जुळवलेली जोडी एकत्र, सिम्बॉल आणि फूटप्रिंट मिळून एक भाग म्हणून, आपल्या लायब्ररीत ठेवायची. पुढच्या प्रकल्पात नुसता 'एनपीएन' सिम्बॉल घेऊन फूटप्रिंट नंतर निवडायचा नाही, हाच जुळवलेला भाग घ्यायचा.

आता यंत्राचं काम

किकॅड ७ पासून किकॅड-सीएलआय हा खिडकीशिवाय चालणारा प्रोग्राम सोबत येतो. ईआरसी आणि डीआरसी आवृत्ती ८ पासून त्यात आले. आवृत्ती ९ मध्ये जॉबसेट आले, म्हणजे बाहेर काढायच्या फाईलींची यादी प्रकल्पातच जतन करता येते. पण स्कीमॅटिकवरून बोर्ड अपडेट करण्याची आज्ञा आवृत्ती ९ मध्येही त्यात नाही. ती उणीव आहे असं मी मानत नाही. भाग नवा आला तर तो कुठे ठेवायचा हे कुणीतरी ठरवायलाच लागतं.

स्क्रिप्टची पहिली पायरी: प्रकल्प कुठे उघडा तर नाही ना? सीएलआय डिस्कवरची फाईल वाचतं. खिडकीत केलेला पण जतन न केलेला बदल त्याला दिसत नाही, आणि 'मी तर दुरुस्त केलं होतं, तरी तीच चूक' या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. किकॅड फाईल उघडताना शेजारी एलसीके शेपटीची एक लॉक फाईल ठेवतं. फोल्डरमध्ये ती दिसली की स्क्रिप्टने संदेश देऊन थांबावं. किकॅड मध्येच कोसळलं असेल तर ती मागे उरू शकते, तेव्हा हाताने काढायची.

दुसरी पायरी ईआरसी, तिसरी डीआरसी. इथे तीन सापळे आहेत आणि तिन्ही शांतपणे हिरवा निकाल देतात.

चुका सापडल्या तरी, वेगळं सांगितलं नाही तर, आज्ञा 'यशस्वी' म्हणून संपते, कारण अहवाल लिहिण्याचं तिचं काम झालेलं असतं. मदतीच्या पानावर 'एक्झिट कोड व्हायोलेशन्स' असा पर्याय आहे. तो दिला की चुका असताना बाहेर पडण्याचा कोड शून्याऐवजी ५ येतो आणि स्क्रिप्ट तिथे थांबू शकते. हा पर्याय नसलेली स्वयंचलित तपासणी असून नसल्यासारखी.

दुसरा सापळा: स्कीमॅटिक आणि बोर्ड जुळतात का ही तपासणी डीआरसीमध्ये आपोआप होत नाही. खिडकीत त्यासाठी वेगळी टिक आहे, सीएलआयमध्ये 'स्कीमॅटिक पॅरिटी' हा वेगळा पर्याय आहे. या लेखाच्या विषयासाठी हीच तपासणी सगळ्यांत महत्त्वाची. गहाळ फूटप्रिंट, जास्तीचा फूटप्रिंट, दोनदा आलेला फूटप्रिंट आणि पॅडचं नेट न जुळणं, हे चारही प्रकार तीच पकडते.

तिसरा: या चार प्रकारांची तीव्रता बोर्ड सेटअपमध्ये 'इशारा' अशी ठेवलेली असेल आणि स्क्रिप्ट फक्त 'त्रुटी' मागत असेल, तर ते अहवालात येणारच नाहीत. बोर्ड सेटअपमध्ये जाऊन चारही 'त्रुटी' करून टाका. ही सेटिंग प्रकल्पाच्या फाईलमध्ये जतन होते, म्हणून ती फाईल गिटमध्ये असायलाच हवी.

हे सगळं पार पडल्यावरच गर्बर (कारखान्याला द्यायच्या बोर्डच्या थरांच्या फाईली), ड्रिल, पोझिशन फाईल आणि भागांची यादी काढायची, तीही रिकाम्या केलेल्या फोल्डरमध्ये. जुन्या फोल्डरवरच नव्या फाईली लिहिल्या तर चार थरांच्या बोर्डाचे दोन थर आजचे आणि दोन मागच्या महिन्याचे असं होऊ शकतं. फोल्डरच्या नावात गिट कमिटचा क्रमांक घालावा. कॉपर झोनचा भराव शेवटच्या बदलानंतर बोर्ड एडिटरमध्ये बी दाबून ताजा करून जतन करायचा आणि मगच स्क्रिप्ट चालवायची, म्हणजे शिळा भराव गर्बरमध्ये जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

शेवटी एक तुलना स्वतः लिहायची आहे, अगदी छोटी. भागांची यादी स्कीमॅटिकमधून निघते, पोझिशन फाईल बोर्डमधून. दोन्हींतली नावं काढून फरक घ्या. स्कीमॅटिकमध्ये एखाद्या रेझिस्टरला 'डीएनपी', म्हणजे बसवू नका, अशी खूण केली आणि एफ८ दाबायचं राहिलं, तर यादी म्हणते बसवू नका आणि पोझिशन फाईल म्हणते इथे बसवा. असेम्ब्लीच्या टेबलावर हा प्रश्न उभा राहण्याआधी तो स्क्रिप्टमध्ये उभा राहायला हवा.

मेकफाईल वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. बोर्डच्या अवलंबनांत मुख्य शीटबरोबर सगळी उपशीटंही लिहिलेली हवीत, नाहीतर उपशीट बदलूनही 'करण्यासारखं काही नाही' असं उत्तर येतं. आणि मेक फाईलींच्या वेळा बघतं, तर गिट चेकआउट करताना मूळ वेळा जपत नाही. त्यामुळे ताज्या क्लोनमध्ये कुठली फाईल नवी, कुठली जुनी हे वेळेवरून कळतच नाही. अंतिम फाईली काढताना सगळं पुसून पहिल्यापासून चालवा.

आपल्या मशीनवर ठीक, दुसऱ्याच्या मशीनवर फूटप्रिंट गायब

फूटप्रिंटचं पूर्ण नाव म्हणजे लायब्ररीचं टोपणनाव, अपूर्णविराम (:) आणि फूटप्रिंटचं नाव. दुसऱ्या मशीनवर ते टोपणनाव नोंदलेलं नसेल तर अपडेटच्या यादीत 'सापडला नाही' असं येतं. प्रकल्पात वापरलेले स्वतःचे सिम्बॉल आणि फूटप्रिंट प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवा, लायब्ररीची नोंद प्रकल्पाच्या तक्त्यात करा आणि मार्ग प्रकल्पाच्या फोल्डरपासून सापेक्ष लिहा. सगळ्यांनी एकच मुख्य आवृत्ती वापरायची हेही ठरवून घ्या. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाईल जुनी आवृत्ती उघडत नाही आणि एकाने अपग्रेड केलं की बाकीचे अडकतात.

गिटमध्ये स्कीमॅटिक, बोर्ड, प्रकल्पाची फाईल आणि दोन्ही लायब्ररी तक्ते ठेवायचे. पीआरएल शेपटीची फाईल ही ज्याच्या-त्याच्या खिडकीची मांडणी असते, ती आणि बॅकअपचा फोल्डर वगळायचे.

दोघांनी एकाच बोर्डवर दोन शाखांमध्ये काम करून नंतर मर्ज करणं मात्र टाळाच. फाईल मजकुराची असल्यामुळे गिट मर्ज 'यशस्वी' करूनही दाखवेल, पण दोन ट्रॅक एकमेकांवरून गेलेले असतील किंवा एकच फूटप्रिंट दोनदा आलेला असेल. स्कीमॅटिकची वेगवेगळी शीटं दोघांनी वाटून घ्यायला हरकत नाही. बोर्डची फाईल एका वेळी एकाच्याच हातात असावी, आणि ती पुढे सोपवताना वरची स्क्रिप्ट शून्य कोड देऊन संपलेली असावी.